टेक्ला, कुणाकडची?

तोरेब्रुनात आडनाव लागतं ते पोस्टमनला आणि फार तर सरकारी दवाखान्यात. एरवी माणूस ओळखला जातो तो घरावरून, आणि घरांची नावं अशी की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. कुणाचा खापरपणजोबा परक्याच्या झाडावर चढून अंजिरं खाताना सापडला, म्हणून ते घर आजतागायत 'अंजीरखाऊ'. कुणाची आजी स्वतःच्याच लग्नात तोंडातून शब्द काढेना, म्हणून ते घर 'मुके'. मग त्या घरातली आत्ताची सून दिवसभर गल्ली डोक्यावर का घेईना. घर विकलं तर नाव घराबरोबर जातं. घेणाऱ्याला भिंती मिळतात, कौलं मिळतात आणि वर हे बिरुद फुकट मिळतं.

टेक्ला 'सुतारांची'. तिच्या वडिलांना भिंतीत धड खिळा ठोकता येत नसे. ते ऑलिव्हची झाडं राखायचे, गावातल्या बाकी सगळ्यांसारखी. पण घर सुतारांचं, म्हणून हीही सुतारांची. शाळेच्या हजेरीत 'टेक्ला सोल्सोना' असं नाव पुकारलं की ती हमखास मागे वळून बघायची, ही कोण बाई म्हणून.

समोरच्या घरात रेमेई, अंजीरखाऊंची. दोघी एका वयाच्या. थंडीत ऑलिव्ह उतरवायचे दिवस आले की दोन्ही घरांची माणसं शेजारशेजारच्या शेतांत असायची, आणि पोरींना झाडाखाली अंथरलेल्या जाळीवरची पानं निवडायला बसवायचे. पाऊस आला की दोघी बांधावरच्या दगडी खोपटात पळायच्या. तिथे टेक्ला गोष्टी सांगायची आणि रेमेई त्या दुरुस्त करायची.

"राजा मेला? असा कसा मेला? आत्ता तर जेवत होता."

"जेवता जेवता मेला."

"मग काय जेवत होता ते सांग आधी."

अशाच एका पावसात रेमेईनं तिला एक गोष्ट सांगितली, जी तिनं दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. तिची आई किमेता मागच्या आठवड्यात सकाळच्या बसनं येइदा शहराला गेली होती. गावाला वाटलं, दात दाखवायला गेली. पण रेमेईनं जिन्यावरून पाहिलं होतं, आईच्या हातात सुटकेस होती. लग्नातली, मोठी. आणि संध्याकाळच्या बसनं ती सुटकेस घेऊन आई परत आली, एप्रन बांधला, बटाटे आणि फरसबी उकडायला ठेवली आणि म्हणाली, "हात धुतलेस का गं?" बस, एवढंच. बापानं काही विचारलं नाही.

"मग परत का आली?" टेक्लानं विचारलं.

"मला काय ठाऊक," रेमेई म्हणाली आणि रडायला लागली. टेक्लानं शपथ घेतली नाही, रेमेईनं मागितलीही नाही. त्या दोघींमध्ये तेव्हा असल्या गोष्टी लागत नसत.

पुढे टेक्ला शिकायला बाहेर पडली, आणि पहिली नोकरी मिळाली येइद्याच्या वर्तमानपत्रात. काम काय, तर गावोगावचे बातमीदार फोनवरून सांगतील ते उतरवून घ्यायचं. कुठे गारपीट झाली, कुठे बदाम मोहोरावर असताना थंडीनं जळाला, कुठल्या सहकारी घाण्यात तेल किती उतरलं. आणि निधनवार्ता. त्या छापायला द्यायच्या म्हणजे डोक्याला ताप असायचा. मयताचं नाव, आडनाव, आईकडचं आडनाव सगळं बरोबर घेऊनही काम व्हायचं नाही. मूळचं त्याच भागातलं म्हातारं संपादक माणूस मागून ओरडायचं, "घर! घराचं नाव कुठे आहे? कंसात घराचं नाव नसेल तर कोण मेलं ते गावाला कळणार कसं?" मग टेक्ला पुन्हा फोन लावायची आणि हुंदके देणाऱ्या माणसाला हळू आवाजात विचारायची, "माफ करा हं. कुणाकडचे हे?"

तीच पुढे घरं विसरली.

येइद्याहून ती बार्सिलोनाला मोठ्या वर्तमानपत्रात गेली. बातम्या दिल्या, मुलाखती घेतल्या, मग रविवारी तिचा स्वतःचा रकाना येऊ लागला. ग्रासिया भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहायची. एक नवरा केला, तो टिकला नाही. तोरेब्रुनाला ती नाताळात जायची आणि जत्रेला जायची, आणि दोन्ही वेळा परत येताना आईनं दिलेल्या तेलाचा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये खिडकीशी बसायची. शहरात पंधरा-वीस वर्षं काढूनही तिला स्वप्नं पडायची ती त्याच गल्लीची. चाळिशी ओलांडल्यावर तिनं कादंबरी लिहिली, तीही त्याच गल्लीची.

कादंबरी चांगली होती. उगीच म्हणायचं म्हणून नव्हे, खरंच चांगली होती. तिला एक मानाचा पुरस्कार मिळाला. त्यातलं एक प्रकरण तर लोक एकमेकांना वाचून दाखवत. एक बाई सकाळच्या बसनं सुटकेस घेऊन घर सोडते, दिवसभर शहरातल्या बस स्थानकाच्या बाकावर बसून राहते, आणि मुलांची आठवण अनावर होऊन संध्याकाळच्या बसनं परत येते, एप्रन बांधते, बटाटे उकडायला ठेवते.

टेक्लानं काळजी घेतली होती. बाईचं नाव बदललं, आडनाव बदललं, केस काळ्याचे तांबडे केले, एका मुलीऐवजी दोन मुलगे दिले. गावातल्या एकूण एक माणसाचं आडनाव बदललं. हे करायला तिला सबंध उन्हाळा लागला. फक्त घरांची नावं तिनं तशीच ठेवली. मुद्दाम ठेवली असं नाही. ती नावं आहेत हे तिच्या डोक्यातच आलं नाही. डोंगर, विहीर, चर्चचा मनोरा जसा जिथल्या तिथे राहिला, तसे अंजीरखाऊही जिथल्या तिथे राहिले.

सांत जोर्दीच्या दिवशी, म्हणजे गुलाब आणि पुस्तकं एकमेकांना द्यायच्या दिवशी, सगळे नावाजलेले लेखक बार्सिलोनाच्या रस्त्यांवर सह्या करत बसतात. टेक्लालाही तिथे बोलावणं होतं. ते नाकारून ती तोरेब्रुनाला आली. चौकात पंचायतीनं टेबल मांडून दिलं होतं. गाव आलं, पुस्तकं खपली. लोक सही घ्यायचे, पण नजर द्यायचे नाहीत. टेक्लानं एक गुलाब बाजूला काढून ठेवला होता, रेमेईसाठी. उन्हं कलली, गुलाब मान टाकायला लागला, तरी रेमेई आली नाही.

शेवटी मांसाच्या दुकानातली नेउसकाकू आली. हिच्या जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती होती, आणि त्या दिवशी तेच उपयोगी पडलं.

"रेमेईची वाट बघतेस?"

"हो काकू. बरी आहे ना ती?"

"तिला काय धाड भरलीय. किमेता मात्र पावाच्या दुकानात यायची बंद झाली. तू आमच्या दुकानात ये एकदा, बघ कसं वाचून दाखवतात लोक. बस, सुटकेस, बटाटे. तिचा म्हातारा तिथेच रांगेत उभा होता, सॉसेज घ्यायला आलेला. न घेताच गेला."

"पण काकू, मी आडनावं बदलली! सगळ्यांची बदलली!"

"आडनावं?" नेउसकाकूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणतेय, शिकून माणूस एवढं वेडं कसं होतं. "अगं बये, आमची आडनावं कुणाला ठाऊक आहेत? किमेताचं आडनाव काय, ते मला आत्ता तू सांगितलंस तरी खरं वाटायचं नाही. अंजीरखाऊंची बाई म्हटलंस की झालं. आता काय, फोटोच छापायचा राहिला होता."

टेक्ला तिथून उठली ती थेट गल्लीत गेली. अंजीरखाऊंचं दार बंद होतं. तोरेब्रुनात दिवसा दार बंद ठेवत नाहीत. घरात कुणी मेलं असेल तरच ठेवतात. तिनं कडी वाजवली. वरची खिडकी कुणीतरी आतून लावून घेतली. गुलाब तिनं उंबऱ्यावर ठेवला, आणि संध्याकाळच्या बसनं ती परत गेली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. रेमेईनं भांडण केलंच नाही. टेक्लानं पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर आलं नाही. नाताळात गल्लीत समोरासमोर आल्या की रेमेई "थंडी आहे आज" एवढं म्हणायची, जसं तेल भरायला आलेल्या टँकरवाल्याला म्हणावं तसं.

पुढच्या कादंबऱ्यांत टेक्लानं सगळं बदललं. गाव बदललं, डोंगर बदलले, घरांना तिनं स्वतः बनवलेली नावं दिली. त्या कादंबऱ्या खपल्या बऱ्यापैकी, पण वाचताना कळायचं, या घरांत कुणी राहत नाही. तिलाही कळायचं. रकान्यात ती राजकारणावर लिहायची, पाण्याच्या टंचाईवर लिहायची, आणि महिन्यातून एकदा काहीही कारण नसताना ऑलिव्हवर येऊन ठेपायची. नवा संपादक म्हणायचा, "टेक्ला, पुन्हा झाडं?"

तोरेब्रुनाची जत्रा ऑगस्टमध्ये भरते. पहिल्या संध्याकाळी गावाचं नाव काढलेलं एखादं माणूस पंचायतीच्या सज्जात उभं राहून चार शब्द बोलतं, मग फटाके आणि जत्रा सुरू. हा मान कुणाकुणाला नाही मिळाला! टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याला मिळाला, ज्याची फक्त मावशी गावची. दुसऱ्या फळीतल्या एका फुटबॉलच्या गोलरक्षकाला मिळाला. सायकलवरून जग फिरून आलेल्या एका मुलीला मिळाला. टेक्लाला नाही. मे महिना लागला की ती फोनच्या आसपास घोटाळायची. मैत्रिणींना म्हणायची, "मला मेलं काय करायचंय त्या सज्जाचं," आणि ते साफ खोटं होतं. तिला सज्जा हवा होता, कारण जत्रेच्या त्या संध्याकाळी सगळं गाव चौकात असतं. रेमेईसुद्धा असते. दार लावून घेता येत नाही अशी तेवढी एकच जागा उरली होती.

मग आई गेली. भावाला तारागोनाला फ्लॅट घ्यायचा होता, त्यानं घर विकायला काढलं. टेक्लाकडे एवढे पैसे कुठले. एका डच जोडप्यानं ते घेतलं. विलम नावाच्या त्या उंचाड्या माणसाला पहिल्याच आठवड्यात गाव 'सुतार' म्हणू लागलं. त्याला कोण आनंद! त्यानं खालच्या खोलीत रंधे, करवती आणून टाकल्या आणि गल्लीला खुर्च्या करून वाटल्या. कित्येक पिढ्यांत त्या घराला मिळालेला हा पहिला खरा सुतार.

आणि एका फेब्रुवारीत, बार्सिलोनातल्या कॉफीच्या दुकानात येइद्याचं वर्तमानपत्र चाळताना, तिला निधनवार्तांच्या पानावर एक चौकट दिसली. किमेता. नाव, आडनाव, आईकडचं आडनाव. कन्या रेमेई. तोरेब्रुना. खाली जिथे कंस असायला हवा, तिथे कोरी जागा.

टेक्लानं आयुष्यात हजारभर निधनवार्ता उतरवून घेतल्या असतील. त्या भागातली, घराचं नाव नसलेली निधनवार्ता तिनं कधी पाहिली नव्हती. कुणी विसरलं नव्हतं. काढून टाकलं होतं. ती कॉफी तशीच टाकून बाहेर आली आणि भर रस्त्यात, ओळखीचे लोक येत-जात असताना, लहान मुलासारखी रडली.

त्यानंतरच्या मे महिन्यात फोन आला. बोलत होता ब्लाय, नेउसकाकूचा मुलगा, आता गावचा सरपंच.

"टेक्ला, जत्रेला बोलशील का? आधीच सांगतो, तू तिसरी आहेस. नटीनं नाही म्हटलं आणि पाद्रीबुवांचा गुडघा गेलाय."

"काय छान बोलावणं आहे रे."

"आईच्या पोटचा आहे मी. येतेस की नाही?"

"रेमेई काय म्हणाली?"

"तिला कोण विचारणार? ती काही म्हणते का कधी?"

टेक्ला गेली. भाषण लिहून नेलं होतं, चांगलं घोटून घोटून लिहिलेलं. गावात पोचली तेव्हा दुपार होती. पाय आपोआप गल्लीकडे वळले. उन्हाळ्यामुळे अंजीरखाऊंच्या दाराला मण्यांचा पडदा सोडलेला होता आणि दार उघडं होतं. आत रेडिओ चालू होता, कांदा परतल्याचा वास येत होता. असल्या पडद्यापुढे उभं राहून हाक मारायची असते. तिनं मारली.

"आहे का कुणी?"

रेडिओचा आवाज कमी झाला. "कोण?" रेमेईचाच आवाज, जरा जाड झालेला.

"टेक्ला."

"कुणाकडची?"

हे गावात कुणालाही विचारतात. मुद्दाम विचारलं की सवयीनं, ते पडद्याआडून कळायला मार्ग नव्हता. टेक्लानं तोंड उघडलं. समोरच्या घरातून रंध्याचा आवाज येत होता, सर्र, सर्र. आता आपण कुणाकडचे, हे तिला सांगता येईना. ती तशीच चौकाकडे निघून गेली. मागे रेडिओ पुन्हा मोठा झाला नाही.

संध्याकाळी चौक भरला. सज्जातून तिला सगळ्यांची डोकी दिसत होती. रेमेई फार्मसीच्या भिंतीशी, हाताची घडी घालून, केस पांढरे. ब्लायनं ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "सुप्रसिद्ध लेखिका आणि पत्रकार टेक्ला सोल्सोना!" खाली एक म्हातारा शेजारच्याला विचारताना ऐकू आला, "ही कोण म्हणायची?"

टेक्लानं कागद उलगडले. पहिलं वाक्य फार सुंदर होतं. ते वाचायची तिला एकदम शरम वाटली. तिनं कागद घडी करून खिशात टाकले, आणि वरच्या वेशीपासून सुरुवात केली.

"राजे!" ती म्हणाली.

लोक बुचकळ्यात पडले. मग कुणीतरी हसून ओरडलं, "हजर!"

"मुके!"

"हजर!" मुक्यांची सून ओरडली ती अशी, की कबुतरं उडाली. हशा पिकला. मग गावाला चेव चढला. ओलेपाय, पिंपवाले, दीडकाने. एकेक घर पुकारलं जाई, आणि त्या घराची माणसं हात वर करून ओरडत. बंद पडलेल्या घरांची नावंही तिनं घेतली, तेव्हा चौक आपोआप गप्प होई आणि कुणीतरी म्हातारं माणूस हळूच म्हणे, "होते बरं का." ती गल्लीत शिरली.

"सुतार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे जरा फुटला.

"हजर!" विलमनं दोन्ही हात वर केले. त्याच्या बोलण्यातला डच हेल ऐकून सगळे हसले. टेक्लाही हसली. हसावं लागलं.

पुढचं घर समोरचं. तिनं फार्मसीच्या भिंतीकडे पाहिलं नाही. ज्या नावाला आपण एकदा हात लावला आणि त्यामुळे जे कंसातून गेलं, ते पुन्हा चारचौघांत आपल्या तोंडून निघू द्यायचं नाही, एवढं तिनं तिथल्या तिथे ठरवलं. ते वगळून ती पुढे गेली. "विहीरवाले!"

विहीरवाल्यांनी हजेरी दिली नाही. सगळा चौक चूप झाला होता. काय वगळलं आणि का, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं.

"ए सुतारांच्या पोरी!"

रेमेई भिंतीपासून पुढे आली होती. घडी घातलेले हात कमरेवर गेले होते.

"एक घर राहिलं की! आम्ही काय गावाबाहेर राहतो? अंजीरखाऊ राहिले!"

टेक्लानं कठडा धरला. खालून नेउसकाकू, वय नव्वदीच्या घरात, चाकाच्या खुर्चीतून खेकसली, "अगं म्हण की आता! फटाकेवाले खोळंबलेत!"

"अंजीरखाऊ," टेक्ला म्हणाली.

"हजर," रेमेई म्हणाली. त्या घरात आता ती एकटीच होती.

चौकात लांब टेबलं मांडली होती. टोमॅटो चोळलेला पाव, सॉसेज, खालच्या आळीची वाइन. रेमेई बाकावर सरकली, तेवढी जागा टेक्लाला पुरली. दोघी जेवू लागल्या.

"निधनवार्तेत घराचं नाव का नाही घातलंस?" टेक्लानं विचारलं.

"आईनंच सांगितलं होतं. म्हणाली, नको, लोकांना पुस्तक आठवेल." रेमेईनं पावाचा तुकडा मोडला. "वाचलं होतं तिनं. चष्मा लावून, दार बंद करून. म्हणाली, पोरगी लिहिते छान. पण मी परत का आले, ते चुकीचं लिहिलंय."

"मुलांसाठी नाही?"

"छट्."

"मग?"

रेमेईनं तिच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. त्या दगडी खोपटातली पोरगी तिथे होती का, ते शोधत असावी. मग वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. फार मोठं नसावं, दोन वाक्यं असतील. टेक्लाला आधी हसू फुटलं. मग तिनं हातातला काटा खाली ठेवला आणि डोळे पुसले, आणि म्हणाली, "इतकी वर्षं, रेमेई."

"इतकी वर्षं," रेमेई म्हणाली. "खा. गार होतंय."

पुढच्या हिवाळ्यात प्रकाशकाचा फोन आला. पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायची होती. काही दुरुस्त्या असतील तर कळव, तो म्हणाला. टेक्लानं बसचं प्रकरण काढून पुन्हा वाचलं. बाकावर बसलेली बाई, मुलांची आठवण, संध्याकाळची बस. चूक कुठे आहे, ते आता तिला नेमकं ठाऊक होतं, आणि खरं काय ते लिहिलं असतं तर तिच्या हातून आजवरचं सगळ्यात चांगलं पान उतरलं असतं, हेही ठाऊक होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."